मामांचं डावं, आमचं उजवं

आमचे दाविदमामा गाडीत पुढं तोंड करून कधीच बसत नाहीत. खरं तर बसतच नाहीत. ड्रायव्हरच्या मागं, काचेकडं पाठ करून उभे राहतात आणि आपल्याकडं बघत बाहेर काय काय आहे ते सांगतात. शाळेत पीटीचे सर होते, आयुष्यभर पोरांच्या सहली नेल्या. पोरांकडं पाठ फिरवली की एखादं खिडकीतून हात बाहेर काढणारच, म्हणून ही सवय. आता रिटायर झाले, तरी सवय तशीच. रिक्षातसुद्धा उलटे बसायला बघतात. सावेडीतले निम्मे रिक्षावाले त्यांच्याशी भांडलेले आहेत.

खरी गंमत पुढंच आहे. मामा ओरडतात, "डावीकडं बघा, डावीकडं!" आणि ते उलटे उभे असल्यामुळं त्यांचं डावं म्हणजे आपलं उजवं. नवखा माणूस बिचारा डावीकडं मान वळवतो आणि त्याला दिसतं पंक्चरचं दुकान. आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मामा डावं म्हणाले की उजवीकडं बघायचं.

सुशीलामामी मात्र त्यांना कधी सोडायची नाही. ती त्याच शाळेत गणित शिकवायची आणि सहलीला शेवटच्या सीटवर बसायची. तिथून तिचा खणखणीत आवाज यायचा, "सर, तुमचं डावं, आमचं उजवं!" मग मामा कपाळावर हात मारून घेणार आणि सगळी गाडी खिदळणार. दर वेळी हेच. कुणाला कधी कंटाळा आला नाही.

मामी गेली त्याला वर्ष झालं. तिची इच्छा होती म्हणून सोनईजवळ तिच्या माहेरच्या गावी, आईवडिलांच्या शेजारी तिला माती दिली. त्यानंतर मामा कबरीवर एकदाही गेले नाहीत. निघायचे, पण घोडेगावातून परत फिरायचे. कधी म्हणे पोट बिघडलं, कधी म्हणे घरी गॅस चालू राहिला. आता वर्षाची प्रार्थना होती, कबरीवर नवा दगड बसवला होता आणि त्यावर झाकलेलं कापड मामांनीच काढायचं असं चर्चच्या पाळकसाहेबांनी ठरवलं होतं. माझी आई, म्हणजे मामांची थोरली बहीण, काळजीनं नुसती पोखरून गेली होती. या वेळीही तो घोडेगावातून फिरला तर काय तोंड दाखवायचं मामीच्या माहेरच्यांना? शेवटी तिनं डोकं चालवलं आणि फोन लावला.

"दाविद, शनिवारी सगळ्यांची सहल काढायची म्हणतेय. सोनईला प्रार्थना, आणि जाता जाता काय बघायचं ते बघू. पण नेणार कोण रे आम्हाला?"

मग मामा म्हणाले, "गाडी किती सीटर आहे?"

शनिवारी सकाळी मामा हजर. डोक्याला पांढरी टोपी, पायात पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. "सहल म्हणजे शिस्त! उलटी होणाऱ्यांनी पुढं बसा!" माझ्या नवऱ्याला त्यांनी शर्ट आत खोचायला लावला. तो बँकेत मॅनेजर आहे, पण मुकाट्यानं खोचला.

सावेडीहून सोनई म्हणजे तास-सव्वा तासाचा रस्ता. मामांनी पहिलं ठिकाण काढलं चांदबिबीचा महाल.

"सर, ह्यो रस्ता पाथर्डीचा हाय," ड्रायव्हर बापू कळवळून म्हणाला. "सोनई तिकडं ऱ्हायली."

"ड्रायव्हरनं स्टेअरिंग बघायचं. सहल मी बघतो."

महालाच्या डोंगरावर काय वारा होता हो! सगळं नगर पायाखाली. मावशीचा पदर उडाला, मामांची टोपी उडाली, ती धरायला माझा मॅनेजर नवरा पळाला आणि त्याचा शर्ट पुन्हा बाहेर आला. मामा तर हर्षानं फुलले होते. "नाव चांदबिबीचं, आणि आत कबर भलत्याचीच! बोला, कुणाची?" कुणालाच येईना. मग मामांनी जो इतिहास सुरू केला तो संपेना.

आई माझ्या कानात म्हणाली, "परक्याच्या कबरीपाशी बघ कसा रमलाय."

पुन्हा खाली, पुन्हा नगर, मग संभाजीनगर रोड. मामांचा घसा बसला तरी तोंड चालूच. "डावीकडं बघा, पवनचक्क्या! डावीकडं बघा, कांद्याची वखार!" आम्ही शहाण्यासारखं उजवीकडं बघायचो. पण प्रत्येक वेळी ओरडून झालं की मामा जरासे थांबायचे आणि आमच्या डोक्यांवरून मागं बघायचे. शेवटच्या सीटवर आमच्या पिशव्या आणि फुलांची टोपली होती. इमामपूरच्या घाटात माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं सहली काढणाऱ्या माणसाला डावं-उजवं कळत नसेल होय? मामा मुद्दाम चुकत होते. त्यांना तो मागचा आवाज हवा होता.

घोडेगावात रसवंतीवर थांबलो. घुंगरं वाजत होती, आलं-लिंबू घातलेला गार रस होता, मावशीनं दुसरा ग्लास मागवला होता. मामांच्या ग्लासातला रस मात्र तसाच.

"बापू, गाडी वळव," ते हळूच म्हणाले. "मंडळी दमलीत."

"कोन दमलंय, सर? लई मजेत हायेत की समदे."

आई उठली. मामांच्या समोर गेली, त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढली आणि भर घोडेगावात अशी फुंकली की रसवंतीवाल्याचा ऊस चरकाबाहेर राहिला. "गाडीत बसा! अर्धी सहल टाकून परत आलेला सर मी अजून पाहिला नाही."

मामांना हसू फुटलं आणि हसता हसताच ते गाडीत चढले.

प्रार्थना झाली, गीत झालं. पाळकसाहेब म्हणाले, "सर, आता आपण कापड काढावं." मामा पुढं गेले आणि काय करावं? दगडाकडं पाठ करून, आमच्याकडं तोंड करून उभे राहिले. गाडीत राहतात तसेच.

"मंडळी, सहलीतलं हे शेवटचं ठिकाण. मॅडमचा जन्म याच गावचा. वर्गात आवाज मोठा, घरात त्याहून मोठा." माणसं हसली. मामांनी हात केला. "डावीकडं बघा..."

आणि थांबले. आमच्या डोक्यांवरून मागं बघत राहिले. मागं नुसता ऊस होता. कुणी हलेना. मला काही ते सहन होईना.

"सर," मी ओरडले, "तुमचं डावं, आमचं उजवं!"

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. तो हात तसाच डोळ्यांवर राहिला. मग ते आमच्या ओळीत आले, वळून उभे राहिले आणि वर्षात पहिल्यांदा तिच्याकडं तोंड करून रडले. आईनं त्यांना हात धरून कापडापर्यंत नेलं. कापड त्यांनीच काढलं.

परतताना मामा गाडीत शिरले ते थेट शेवटच्या सीटवर. फुलांची रिकामी टोपली मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. पुढं तोंड करून.

"सर, फुडं या की," बापू म्हणाला. "रस्ता कोन दावनार?"

"तुला ठाऊक आहे रस्ता. चल."

घोडेगाव मागं पडलं. सगळे पेंगायला लागले होते, तेवढ्यात मागून आरोळी आली, "डावीकडं बघा, डावीकडं!"

आम्ही सगळ्यांनी झटकन उजवीकडं पाहिलं. पंक्चरचं दुकान होतं.

शेवटच्या सीटवर मामा पोट धरून हसत होते. "अरे येड्यांनो, आता माझं डावं तेच तुमचं डावं!"

आम्ही डावीकडं वळलो. उसाच्या कडेनं मेंढ्यांचा मोठा कळप घरी चालला होता.