खंडूकाकांची जीभ

आमचे खंडूकाका सगळं जग जिभेनं तपासायचे. हसू नका, खरंच सांगते. विहिरीचं पाणी, तुपाची बरणी, नव्या घागरीची माती, देवळातला अंगारा, काही म्हणजे काही सोडायचे नाहीत. एकदा घराला चुना लावणं चाललं होतं, तर कोपऱ्यात जाऊन भिंतीला जीभ लावून आले आणि गवंड्याला म्हणाले, "चुना कच्चा आहे. उतरव."

म्हैसूरला महाराजांच्या पागेत ते जमादार. घोड्यांचे हुलगे शिजले की पहिली मूठ काकांच्या तोंडात. "मला जे गिळवत नाही ते माझ्या घोड्यानं का गिळावं? तो बोलत नाही म्हणून?" पागेतली ही सवय घरी आली आणि घरातून गल्लीत पसरली. तूपवाला त्यांना लांबून पाहिलं की दुसऱ्या गल्लीत वळायचा. कुणासाठी मुलगी बघायला गेले तर आधी तिच्या विहिरीचं पाणी मागायचे. एकदा भर बैठकीत म्हणाले, "पाणी मचूळ आहे, माणसं तापट असणार." मुलीची आई तिथल्या तिथं भडकली. म्हणजे काका खरे ठरलेच की!

"डोळा फसतो, कान फसतो, जीभ फसत नाही," असं म्हणायचे. आणि एक मात्र खरं, चव सांगताना ते कधी कुणाची भीड धरत नसत. काकूनं लग्नानंतर केलेल्या पहिल्या सारालाही "घोडा पिणार नाही" म्हणाले होते. ते काकूनं जन्मभर लक्षात ठेवलं.

माझे वडील लवकर गेले, म्हणून मी काकांच्याच घरी वाढले. घर म्हणायचं काकांचं, पण हुकूम चालायचा त्यांच्या थोरल्या बहिणीचा. तिला सगळे आक्का म्हणत. ती बालविधवा. आई गेल्यावर खंडूकाकांना तिनंच कडेवर वाढवलं होतं. त्यामुळं अख्ख्या पागेला दरडावणारे काका आक्कासमोर आले की मान खाली घालून बसायचे.

चौदा सालच्या मोठ्या लढाईत काकांचा एकुलता एक मुलगा विठू महाराजांच्या रिसाल्याबरोबर मिसर देशाला, म्हणजे इजिप्तला गेला. आम्ही शिपाईगड्यांच्या घरातले, आमच्यात काही फार सोवळंओवळं नव्हतं. पण आक्का रोज पुराण ऐकायला जायची, आणि तिथून ती एक गोष्ट पक्की घेऊन आली होती. समुद्र ओलांडला की माणूस बाटला. लढाई संपून विठू परत निघाल्याची खबर आली तशी ती म्हणाली, "येऊ दे. डोकं मिशी काढून प्रायश्चित्त घेऊ दे. तोवर पान मागच्या पडवीत." विठूनं उलट निरोप पाठवला, की मी महाराजांच्या हुकमानं गेलो, पाप केलं नाही. पडवीत जेवण्यापेक्षा रिसाल्याच्या लाइनीतच राहीन.

दोघं एकाच रक्ताचे, कोण मागं हटणार? काकू देवापाशी बसून राहायची. आणि काका? आक्काला उलट बोलणं त्यांना जमणारं नव्हतं.

त्याच थंडीत काकूच्या भावानं आम्हाला मंगळूरला बोलावलं. तो तिथं कौलांच्या कारखान्यात कारकून होता. गेल्यावर दुसऱ्याच दिवशी काका आक्काला म्हणाले, "चल, नदीत होडीतून फिरून येऊ."

"अय्यो, इथं समुद्र आहे म्हणे जवळ!"

"आपण नदीतच राहू ना. पाणी गोडं आहे तोवर जायचं. मी चाखत बसतो. खारट लागलं की होडी मागं."

काकांच्या जिभेवर गावाचा भरवसा, तर बहिणीचा नसेल? आक्का पदर खोचून होडीत बसली. मांडीवर डबा, त्यात लिंबू पिळलेला फोडणीचा भात, चित्रान्न. काठाला लागल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा वर दम.

काका पुढच्या टोकाला घोड्यावर बसावं तसे बसले. दर थोड्या वेळानं बोट बुडवायचे, जिभेला लावायचे आणि ओरडायचे, "गोडं!"

माडांची रांग मागं पडली. "गोडं, आक्का!"

म्हातारा नावाडी कानडीत म्हणाला, "धनी, काल सांगितलंत तिथवरच न्यायचं ना?" काकांना एकदम एवढा मोठा खोकला आला, की वरचे बगळे उडाले.

मी हळूच बोट बुडवून चाटलं. बाप रे! लोणच्याचा खार बरा! मी तोंड उघडणार तोच काकूनं माझा हात घट्ट दाबला. तिच्याकडं बघितलं तर ती समोर पाण्याकडंच पाहत होती.

"गोडं!" काका ओरडले. आवाज जरा फाटका आला.

"खंडू, दोन्ही काठ कुठं गेले रे?"

"नदी रुंद झाली, आक्का. सुम्ने बस, उगी."

"आणि ही होडी कशाला नाचतेय?"

"नदीला उतार लागलाय."

तेवढ्यात एक लाट आली आणि थेट आक्काच्या तोंडावर फुटली. डोळे, नाक, ओठ सगळं भिजलं. तिनं पदरानं डोळे पुसले. मग ओठांवरून जीभ फिरवली.

नावाड्यानं वल्हं वर धरलं. काका वळून बहिणीकडं बघत होते. कडेवरचं मूल चोरी करताना सापडावं, तसा त्या पांढऱ्या मिशांच्या माणसाचा चेहरा झाला होता. काहीतरी बोलायला गेले, "आक्का, त्या पोराला..."

आक्कानं एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा भावाकडं. मग म्हणाली, "गोडं आहे."

आम्ही सगळे तिच्याकडं बघू लागलो.

"बघताय काय? गोडं आहे म्हटलं ना! इथवर गोडं आहे, तर मिसरापर्यंतही गोडंच असणार. पोरगं नदीच उतरून गेलं म्हणायचं." आणि मांडीवरचा डबा उघडून तिनं तिथंच, लाटांवर, पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. "घ्या, जेवा. माझ्याकडं बघून पोट भरणार आहे का?"

विठू पुढं घरी आला, मिशीसकट आला, आणि आक्कानंच त्याला वाढलं. पण मला ते जेवण एवढं आठवत नाही, जेवढी ती परतीची होडी आठवते.

काकांनी नावाड्याला हळू आवाजात विचारलं, "मिसर कुठल्या अंगाला?" त्यानं वल्हं उचलून मावळतीकडं दाखवलं. होडी काठाकडं वळली, आम्ही सगळे काठाकडं तोंड करून बसलो. काका तेवढे त्या अंगाला तोंड करून, आमच्याकडं पाठ फिरवून बसले. त्यांची पाठ हलत होती. मी हाक मारायला लागले, तर आक्कानं मला जवळ ओढलं.

"असू दे गं," ती म्हणाली. "बसू दे त्याला तसंच."