ढब्बूची शिकवणी

सुमतीबाईंनी पोळी पुढे केली आणि ढब्बूने ती खाल्ली नाही, नाहीशी केली. गरम, घडी घातलेली अख्खी पोळी. क्षणभराने पिल्लाचे डोळे मोठे झाले, मान ताणली गेली आणि घशातून खर्र खर्र आवाज यायला लागला. सुमतीबाईंचे यजमान दीनानाथ लिमये हातातलं वर्तमानपत्र टाकून धावले. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या या माणसाने तोवर कुत्र्याला कधी धड हातही लावला नव्हता. त्यांनी पिल्लाला मागच्या पायांनी उचलून उलटं धरलं, पाठीत दोन थापा मारल्या, आणि पोळी जशी गेली होती तशीच, घडीसकट, फरशीवर येऊन पडली.

ढब्बूने तिच्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा गिळली.

या वेळी ती खाली गेली. पण लिमये पुढे अर्धा तास त्याच्यासमोरून हलले नाहीत. खरं तर हे पिल्लू त्यांना नकोच होतं. त्यांची मुलगी ऋचा पुण्यात नोकरी करते. तिला ते हृतिक घरतने दिलं होतं, आणि तिच्या घरमालकिणीने दारातूनच परत पाठवल्यामुळे ते पनवेलच्या खांदा कॉलनीत, लिमयांच्या दुसऱ्या मजल्यावर येऊन पडलं होतं. हृतिकशीच आपल्याला लग्न करायचंय, हेही ऋचाने त्याच दिवशी सांगितलं होतं. मुलगा खारघरच्या कॉलेजात तिच्या वर्गात होता, घर शिरढोणच्या बाजूच्या एका गावात, शेती, दोन गाळे, माणसं चांगली.

"माणसं चांगलीच असतील," लिमये म्हणाले होते, "पण त्यांचं खाणंपिणं वेगळं. आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तू त्या स्वयंपाकघरात वावरणार कशी?"

त्यानंतर ऋचाचे फोन फक्त आईला यायचे आणि त्यात चौकशी फक्त ढब्बूची असायची.

जनावरांच्या डॉक्टर रंजिता यांनी पिल्लाच्या तोंडात बोट घालून सगळीकडून पाहिलं. "दात उत्तम आहेत. फक्त तो ते वापरत नाही. भावंडं जास्त असली की पिल्लांना गिळायची सवय लागते, आपला घास दुसरा पळवेल म्हणून. चावायला शिकवा त्याला."

"शिकवा म्हणजे कसं?"

"गाजर देऊन बघा आधी."

लिमयांनी गाजर आणलं. एक त्याला दिलं, एक स्वतः घेतलं आणि त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून ते कडाकडा चावू लागले. मोठ्याने, जबडा नीट दिसेल असे. ढब्बू मान कलती करून बघत राहिला. लिमये चावता चावता आकडे मोजत होते. अठ्ठावीसवर पोचले तेव्हा दारात मोनाली उभी होती. ती लिमयांकडे केरभांडी करायला यायची.

"बाई," ती आत जाऊन हळूच म्हणाली, "काकांना बरं नाही का?"

ढब्बूने तेवढ्यात स्वतःचं गाजर गिळलं होतं आणि लिमयांच्या हातातलंही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाल्या, "मग हाड. कच्चं, शिजवलेलं अजिबात नाही, ते फुटून टोचतं. त्याच्या तोंडात मावणार नाही एवढं मोठं. आणि एक टोक तुम्ही हातात घट्ट धरून बसायचं. तुम्ही सोडलं नाहीत की त्याला चावावंच लागेल."

"मी? हाड?"

"तुम्हीच. त्याला तुमची भीती वाटत नाही."

हे कौतुक की तक्रार, हे लिमयांना कळलं नाही. श्रावण लागून पाच दिवस झाले होते. सुमतीबाईंनी ऐकून घेतलं, देवघराकडे पाहिलं, ढब्बूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आणा. पण मला दाखवू नका."

खांदा कॉलनीतल्या मटणाच्या दुकानात ओळखीचं कुणी भेटेल म्हणून लिमये स्कूटरवरून जुन्या पनवेलात गेले. दुकानात शिरतानाही त्यांनी हेल्मेट काढलं नाही. कुंदन नावाचा दुकानदार रिकामाच बसला होता.

"बोला काका. करी कट करू?"

"हाड पाहिजे. मोठं. नुसतं हाड."

"सूपसाठी?"

"नाही, नाही. कुत्र्यासाठी."

कुंदन समजूतदारपणे हसला. "श्रावणात सगळे तसंच सांगतात काका. काळजी करू नका, काळ्या पिशवीत देतो."

लिमयांनी खिशातून मोबाइल काढून ढब्बूचा फोटो दाखवला. कुंदनने तो बघितला आणि म्हणाला, "लोक फोटो पण दाखवतात."

हाड घरात आलं. फ्रिजरमध्ये तीन पिशव्यांच्या आत, स्टीलच्या डब्यात राहू लागलं. रोज दुपारी साडेचारला लिमये गॅलरीत जुना टॉवेल अंथरून बसत, हाडाचं एक टोक मुठीत धरत आणि दुसरं ढब्बूच्या तोंडात देत. पहिल्या दिवशी ढब्बूने ते गिळायचा सरळ प्रयत्न केला. मग खेचायचा केला. मग तो हताश होऊन बसला, आणि असं बसल्या बसल्या त्याने ते बाजूच्या दातांनी एकदा दाबून पाहिलं. कर्र.

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं.

"शाब्बास," लिमये हळू आवाजात म्हणाले. इतका आनंद त्यांना निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता.

पंधरा दिवसांत ढब्बू चावायला शिकला. पोळीचे तुकडेही चावू लागला. लिमयांनाही त्या अर्ध्या तासाची सवय लागली. ऑफिसात ते अकरा मिनिटांत डबा संपवायचे, आणि ऋचाला शाळेत सोडताना रस्ताभर 'चल, चल' करायचे. इथे मात्र घाई करून काही उपयोगच नव्हता. हाताला हाडातून बारीक थरथर लागायची, समोर झाडावर पोपट भांडत असायचे, आणि मनात कुठलेतरी जुने दिवस यायचे. ऋचा लहानपणी जेवताना गोष्ट मागायची. आपण कधी सांगितली होती का? त्यांना आठवेना.

त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःहून ऋचाला फोन केला. "त्या लोकांना एकदा घरी बोलाव," म्हणाले. "बघू तरी."

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नव्हती. ढब्बू चावायला शिकला होता, पण हाड कुणीतरी धरायचं आणि मगच चावायचं, असंही शिकला होता. नुसतं जमिनीवर टाकलेलं हाड तो उचलून माणसाकडे घेऊन यायचा.

पाहुणे रविवारी दुपारी चारला येणार होते. ढब्बू शांत राहावा म्हणून लिमयांनी त्याची शिकवणी सकाळीच घेतली. मधे फोन आला, ते उठले, आणि परत आले तेव्हा हाड नव्हतं. पलंगाखाली, सोफ्यामागे, कपाटाच्या फटीत, सगळीकडे बघून झालं.

"खाल्लं असेल त्याने," सुमतीबाई म्हणाल्या.

"एवढं मोठं?"

"तुम्हीच शिकवलंत ना?"

हृतिकचे आईवडील, कमळाकर घरत आणि चंद्रावतीबाई, वेळेवर आले. कमळाकर उंच, भारदस्त. चंद्रावतीबाई नव्या जांभळ्या साडीत, हातभर हिरव्या बांगड्या, गळ्यात सोनं, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. हृतिक आणि ऋचा दोघं दोन टोकांना बसले. ढब्बूला आतल्या खोलीत कोंडलं होतं. सुमतीबाईंनी साबुदाण्याच्या खिचडीच्या बशा आणल्या.

"आमच्याकडे सगळं साधंच असतं," लिमये म्हणाले आणि न राहवून पुढे बोललेच, "म्हणजे शुद्ध शाकाहारी. घरात कधीही, काहीही येत नाही."

"चांगला हाय की," कमळाकर म्हणाले.

तेवढ्यात मोनाली केर काढायला आतल्या खोलीत गेली आणि दार उघडं राहिलं. ढब्बू बाहेर आला. तोंडात आडवं हाड. ते त्याने कुठून काढलं हे आजवर कुणालाही कळलेलं नाही. आधी तो शिस्तीत लिमयांकडे आला. लिमयांनी पंख्याकडे पाहिलं. मग ऋचाकडे, तिने पाय वर घेतले. मग तो चंद्रावतीबाईंकडे गेला, वास घेतला आणि हाड त्यांच्या मांडीवर, जांभळ्या साडीवर ठेवून शेपटी हलवत बसला.

कमळाकरांनी चमचा बशीत ठेवला.

"हे हाडूक हाय?" चंद्रावतीबाईंनी विचारलं.

"आमचं नाही ते," लिमये घाईने म्हणाले.

"मंग कोनाचा?" कमळाकर.

"त्याचं."

"आनला कोनी?"

"मी."

"श्रावनात?" चंद्रावतीबाईंचा आवाज वर गेला. "आवो, आमी मच्छी-मटण खानारी माणसा, पन श्रावन लागला की सुकटीचा डबा पन माळ्यावर चढवतो. महिनाभर हात लावत नाय. आनि तुमी बामण..."

ज्या घरच्या स्वयंपाकघराबद्दल लिमयांनी मुलीला प्रश्न विचारला होता, त्या घरची बाई आज त्यांना त्यांच्याच स्वयंपाकघराबद्दल विचारत होती, आणि तेही बरोबर. ऋचा मान खाली घालून बसली होती. आता काही बोललं नाही तर सगळंच हातचं जाईल, असं त्यांना वाटलं.

"तो गिळत होता हो," ते एकदम म्हणाले. "सगळं गिळायचा. एकदा पोळी अडकली घशात. डोळे पांढरे झाले होते त्याचे. डॉक्टर म्हणाल्या, हाड धरून बसा. मी कधी शिवलो नव्हतो आयुष्यात. पण... त्या दिवशी तो माझ्या हातात उलटा लोंबकळत होता ना, तेव्हा मला काही सुचलंच नाही हो."

ते उठले आणि हाड घ्यायला पुढे झाले. पण चंद्रावतीबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

"राव्हंदे. आता हात लागलाच हाय." त्यांनी हाडाचं एक टोक मुठीत धरलं. "याच्या आईला पन मीच भाकरी घालतंय. सात पिल्ला झाली व्हती, हा सगल्यांत बारका. याला कदी धड मिलालाच नाय. खा रं पोरा."

ढब्बू कुरुकुरु चावायला लागला. सगळे बघत बसले. कमळाकरांनी खिचडीचा घास तोंडात टाकला आणि नकळत सावकाश चावला. "रोज बसता तुमी असं?" त्यांनी विचारलं.

"रोज. साडेचार ते पाच."

"रिटायर झाल्यावर मी काय करू, ह्या पोराला इचारत व्हतो," कमळाकर हृतिककडे बघून म्हणाले. "ह्यो बरा उद्योग हाय."

ऋचा हसली. गेल्या दीड महिन्यात वडिलांसमोर पहिल्यांदाच. लिमयांनी ते पाहिलं आणि चष्मा पुसायला काढला.

अर्ध्या तासाने चंद्रावतीबाई उठल्या. "सुमतीताई, मोरी कुठं हाय? मना आंघोल करावी लागंल. उपास हाय माजा, असं कसं चालंल?"

मग एकच धावपळ उडाली. गिझर लागला, टॉवेल निघाले. सुमतीबाईंनी कपाटातून आपली रोजची पोपटी सुती साडी काढून दिली. कमळाकर गॅलरीत जाऊन ढब्बूशी बोलू लागले. हृतिक आणि ऋचा खाली जाऊन दूध घेऊन आले आणि त्याला पाऊण तास लागला.

लिमये या सगळ्यातून जरा बाजूला होऊन पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. पोपटी साडीतली पाठमोरी आकृती ओट्याशी चहा गाळत होती. त्यांनी पेला भरला आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाले,

"अगं, ऐक. मी उगाच आडमुठेपणा केला. बाई सोन्यासारख्या आहेत. आपल्या ऋचाला जीव लावतील बघ. पण माझ्याबद्दल त्यांचं काय मत झालं असेल गं? रागावल्या असतील का?"

पोपटी साडी वळली.

"रागावले नाय," चंद्रावतीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात कप दिला. "घ्या व्याहीबुवा. आनि सावकाश प्या, गरम हाय."