कोपऱ्यापर्यंत पोचणारं मशीन

सासरच्या माणसांनी त्याचं नाव 'तज्ज्ञ' ठेवलं होतं आणि गंमत म्हणजे त्याला ते कौतुक वाटायचं!

"सुतार कशाला हवा? छोटं सँडर आणतो, टेबल घासतो, व्हार्निश मारतो. रविवारी बाबा चहाला येतील तेव्हा स्वतःचं टेबल ओळखणार नाहीत!" त्याने बायकोला ऐकवलं. टेबल सासऱ्यांनी लेकीच्या अभ्यासासाठी स्वतःच्या हाताने बनवलेलं. त्यांनी ते ओळखू नये अशी बायकोची मुळीच इच्छा नव्हती. पण तज्ज्ञांना अडवणार कोण?

दुकानदाराने तीन मशिनं पुढे मांडली: एक गोल, एक चौकोनी, एक इस्त्रीसारखं टोकदार.

"पॉलिश पेपर कुठला देऊ?"

"पॉलिश नाही हो, व्हार्निश करायचंय."

"साहेब, लाकूड घासायच्या कागदालाच पॉलिश पेपर म्हणतात."

"माहीत आहे! तुमची परीक्षा घेत होतो."

टेबलाच्या सपाट फळीला गोल मशीन पुरे, असं दुकानदाराचं म्हणणं. त्याने ते चालू करून दाखवलं आणि नेमका तेव्हाच बायकोचा फोन आला. त्या घरघराटात ती जिवाच्या आकांताने ओरडत होती, "कोपऱ्याला हात लावायचा नाही!"

याला ऐकू आलं, 'कोपऱ्यात हात जायचा नाही!'

"अगदी बरोबर!" तो ओरडला. "त्याचीच सोय करतोय!"

आणि त्याने टोकदार मशीन उचललं.

घरी येऊन त्याने कोपऱ्यापासूनच सुरुवात केली. तिथे काहीतरी खरवडलेलं होतं. जोर लावून सगळं साफ केलं. लाकूड लोण्यासारखं मऊ! तो स्वतःवरच खूश झाला.

तेवढ्यात पुन्हा फोन. "कोपरा ठीक आहे ना रे? पहिलीत असताना मी तिथे कंपासने 'बाबा' कोरलं होतं. बाबा आले की आधी त्यावरून बोट फिरवतात."

त्याने गुळगुळीत झालेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "झकास आहे!" एवढंच कसंबसं म्हणाला.

मग काय! घरात कंपास सापडेना. शेवटी त्याने स्क्रूड्रायव्हरने 'बाबा' कोरलं. पहिलीतल्या पोरीचं वाटावं म्हणून डाव्या हाताने कोरलं, जुनं दिसावं म्हणून वर चहाचा चोथा चोळला आणि व्हार्निश मारून टाकलं. बायको घरी आल्यावर "ओलं आहे, लांबूनच बघ!" म्हणत तो कोपरा अडवून उभा राहिला.

रविवारी सासरे आले. टेबल लखलखत होतं. हा मात्र कोपऱ्यावर कोपर टेकून असा बसला की चहासुद्धा दुसऱ्या हाताने प्याला.

"जावईबापू, जरा कोपर उचला की."

उचलावंच लागलं. सासऱ्यांनी सवयीने अक्षरांवरून बोट फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. मग चष्मा लावला. बायकोही वाकली.

"लेकीला तेव्हा काना यायचा नाही," सासरे शांतपणे म्हणाले. "इतकी वर्षं इथे नुसतं 'बब' होतं. तज्ज्ञ, शुद्धलेखन उत्तम आहे हो तुमचं!"

बायको आत गेली. तिने मशीनचं खोकं दुकानाच्या बिलासकट त्याच्या पुढ्यात आणून ठेवलं.