उजेड वाटेत आहे

तात्या लाटकरांच्या मोटारीचे दिवे आज लावले की त्यांचा उजेड चौदा महिन्यांनी पडायचा. मिरजेत त्याचं कुणाला फारसं नवल नव्हतं. मोटार चोपन्न सालची, दिव्यांच्या वाट्या आतून काळवंडलेल्या. बिचाऱ्या उजेडानं तरी किती पळायचं? तात्या गाडी गावातल्या दिव्यांच्या रस्त्यांवरच फिरवायचे, त्यामुळं कुणाचं काही अडत नव्हतं.

तात्यांना जाऊन चौदा महिने व्हायला बारा दिवस कमी होते, तेव्हा त्यांच्या पत्नी शांताक्कांनी दस्तगीर कलईगरला बोलावलं. त्याच्या बापानं जन्मभर भांड्यांना कल्हई केली, हा जुन्या मोटारींचे दिवे उजळायचा. परिवहन कार्यालयाचा कागद आला होता. महिनाअखेर दिव्यांचा उजेड दिसला नाही, तर नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात.

दस्तगीरनं स्क्रूला हात घातला, तशा अक्का म्हणाल्या, “भावजी, वाटी घासली की आतला उजेड कुठं जातो?”

“सगळा एकदम बाहेर पडतो, वैनी. गोणीचं तोंड सुटल्यागत.”

अक्का पायरीवर खाली बसल्या. तात्या रोज संध्याकाळी साडेसहाला फिरायला निघताना गाडीत बसून दिवे मारायचे. दोनदा म्हणजे ‘चल, उशीर होतोय’. तीनदा म्हणजे ‘सावकाश ये, मी बसलोय’. उजेड त्या दिवशी पडत नसे, म्हणून वर हाकही मारायचे. पण खोड ती खोडच. आता बॅटरी काढून ठेवलेली असली, तरी रोज साडेसहाला समोरच्या भिंतीवर दोनदा उजेड पडायचा आणि अक्का आतून म्हणायच्या, “आले हो.”

“बारा संध्याकाळी राहिल्यात,” त्या म्हणाल्या. “शेवटची त्या दिवसाची. मी चष्मा हुडकत बसले पाव तास. बाहेर आले, तर यांनी मान टाकलेली. हाकसुद्धा आली नाही. घाईनं बोलवत होते का हो ते मला? एवढं कळू दे. मग गाडी जाऊ दे भंगारात.”

“महिनाअखेर त्याआधीच येतीय. गाडी भंगारात गेली, तर तो उजेडही तिकडंच पडणार,” दस्तगीर म्हणाला. हे खरंच होतं. त्यानं पॉलिशचा डबा बंद केला आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांची वाट बघत बसला.

निरीक्षक खंडागळे दुपारी आले. बॅटरी जोडून त्यांनी दिवे लावले, भिंतीकडं बघितलं, दिवे बंद केले.

“याचा उजेड कधी?”

“चौदा महिन्यांनी, साहेब.”

“मग घासत का नाही?”

“आत मयत माणसाचा उजेड आहे. बारा दिवसांचा.”

खंडागळ्यांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि बराच वेळ चाळलं. “मयताचं सामान वाहनात असेल, तर ते काढून घ्यायला पंधरा दिवस देता येतात,” ते म्हणाले. “उजेड सामानात धरायला हरकत दिसत नाही.” त्यांनी शेरा मारला: दिवे लावले. उजेड वाटेत आहे. पंधरा दिवस मुदत. मग अक्कांनी दिलेला चहा उभ्याउभ्याच पिऊन ते गेले.

बाराव्या दिवशी दस्तगीर न बोलावताच आला. डबा घरी ठेवून आला होता. अक्कांनी चष्मा दुपारपासूनच घातला होता. साडेसहाला भिंतीवर उजेड पडला आणि विझला. पुन्हा पडला, पुन्हा विझला. अक्कांनी दाराची चौकट घट्ट धरली.

तिसऱ्यांदा उजेड पडला आणि तसाच राहिला.

“तीन, वैनी.”

“दिसलं,” अक्का म्हणाल्या आणि चौदा महिन्यांचं मोकळेपणानं रडल्या. मग डोळे पुसून, दुखऱ्या गुडघ्यानं सावकाश अंगण ओलांडून त्या गाडीत तात्यांच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसल्या. त्या दिवशीच्या गडबडीत दिवे बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. शेजाऱ्यांनी ते आठ वाजता बंद केले होते. तेव्हा आठपर्यंत अक्का बसून राहिल्या. उजेड गेला, तशा उतरल्या आणि दार नीट लावलं.

“आता घासा, भावजी.”

सकाळी दस्तगीरनं वाटी सोडवून घासायला घेतली. पहिल्याच हाताला खंडागळे साहेबांच्या तपासणीचा उजेड बाहेर पडला. तो त्यानं पडू दिला आणि पुढं घासत राहिला.