मास्तरांच्या पिंडाला कावळा

"आठवड्यात मराठीचा वर्ग भरून दाखवते की नाही बघा!" मी हेडमास्तरांना ठणकावून सांगितलं. न सांगून करते काय? साल त्र्याण्णव. दिल्लीतला जो तो मराठी माणूस पहाडगंज सोडून नोएडात फ्लॅट घेत सुटलेला. आमच्या जुनाट शाळेत मराठी घेणारी पोरं उरली सहा. दहा झाली नाहीत तर वर्ग बंद, आणि माझी नोकरीही!

वरच्या बंद खोलीत पूर्वी मराठी शिकवणाऱ्या तळवलकर मास्तरांचं भूत आहे, ही अफवा शाळेत पूर्वीपासूनच होती. मी फक्त तिला फोडणी दिली. "मराठी बोलणाऱ्याला मास्तर काही करत नाहीत हं!"

"बाई, भूत को हिंदी नहीं आती?" सातवीतल्या अंशुमनने विचारलं.

"बिल्कुल नाही!"

दुसऱ्या दिवशी वर्गात तेवीस मुलं! पोरं जिन्यावरून 'शुभं करोति' म्हणत जायला लागली. माझे पाय जमिनीवर ठरेनात!

शनिवारी सकाळी अंशुमनची आई कल्पना पंधरा पालक घेऊन हजर. "वासंतीबाई, पोरगा बाथरूमला एकटा जात नाही हो! मास्तरांना मोकळं करायचं. भटजी आणलेत."

भूत गेलं की वर्ग गेला! पण सांगू कुठल्या तोंडाने?

भटजींनी गच्चीवर पिंड ठेवला. कावळा आला, कठड्यावर बसला, पण शिवायचं नाव नाही!

"मास्तरांची इच्छा राहिलीय," शिपाई हरिदास म्हणाला. "काहीतरी कबूल करा!"

कल्पनाने हात जोडले. "मास्तर, मुलं दहावीपर्यंत मराठीच घेतील!"

कावळा ढिम्म.

"घरी मराठीच बोलू! शपथ!"

ढिम्म.

"नोएडाहून बस लावू, आणखी वीस मुलं आणू!"

मला तर त्या कावळ्याची दृष्ट काढावीशी वाटली. बस रे राजा असाच, मनात म्हटलं, जमलं तर माझा पगारही वाढवून घे!

ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. कल्पना रडकुंडीला आली. शेवटी तिने डोळे घट्ट मिटले आणि ओरडली, "मास्तर, मराठी शिकवायला पुण्याहून चांगल्या बाई आणू!"

कावळा असा झेपावला, की पिंडाचं शीतही उरलं नाही!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. गेलेल्या माणसाची शेवटची इच्छा, मोडायची कशी?