नांगर टाक!

"अगो, ट्रॅक्टर हाय तो, पापलेट नाय!" तुळशीदास तांडेल कळवळून म्हणाला.

पण नवऱ्याचं ऐकेल ती अंजनाबाई कसली! वेसाव्याच्या बाजारात मासळी विकणारी बाई ती. कल्ले उघडून ताजेपणा बघावा तसं तिनं बॉनेट उघडायला लावलं, आत नाक खुपसलं आणि जाहीर केलं, "शिला हाय."

दिंडोशीचे नंदकिशोरशेठ खाटेवर बसूनच हसले. त्यांच्या शेतावर आता कॉलनी उभी राहिली होती. उरलं होतं अंगण, एक बकरी आणि मागं नांगर जोडलेला हा जुना ट्रॅक्टर.

"पण बाई, तुम्हा कोळ्यांना ट्रॅक्टर कशाला?"

"होरी वर खेचाला. पोरा सगली अंधेरीच्या कंपनीन लागली. पाऊस तोंडावर आला. होरी पान्यान रायली तं फुटंल."

होडी फुटली म्हणजे घर बसलं. म्हणूनच तुळशीदास हट्टाला पेटला होता. "मीच चालवून बगतो! उभा दर्या तुडवलाय मी!"

शेठचा ड्रायव्हर सहदेव मागं मडगार्डवर चढला. क्लच कुठला, ब्रेक कुठला, सगळं त्यानं समजावलं. तुळशीदासनं ते बायकोचं ऐकतो तेवढंच ऐकलं.

ट्रॅक्टर निघाला झकास. डाव्या हाताला गवताची गंजी दिसली. आता होडीचं सुकाणू डावीकडं दाबलं की होडी उजवीकडं वळते, हे वेसाव्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तुळशीदासनं चाक डावीकडं दाबलं आणि गंजीत घुसला. डोक्यावर गवत घेऊन बाहेर पडला तो थेट विहिरीच्या रोखानं.

"ब्रेक मारा, तांडेल!" सहदेव ओरडला.

होडीला कुठला आलाय ब्रेक? तुळशीदासनं दोन्ही पाय वर घेतले आणि बोंबलला, "नांगर टाक! अरं, नांगर टाक!"

दर्यात होडी थांबवायची तर नांगरच टाकतात. पण सहदेव पडला शेतातला गडी. त्याचा नांगर निराळा. या घाईत नांगरट कसली, असं त्याच्या मनात आलं, पण गिऱ्हाइकाची मर्जी! त्यानं दांडा ओढला. नांगर खाली आला आणि अंगण उभं फाडत निघाला. वाटेत बकरीचं लांबलचक दावं त्यात अडकलं. बकरी हुशार, मान सोडवून पळाली. दाव्याचं दुसरं टोक खाटेच्या पायाला होतं. खाट निघाली. खाटेवर शेठ होते.

"मेलो रे! सहदेव्या, वाट लागली!"

"आनखी एक टाक!" तुळशीदास ओरडला.

"एकच आहे हो!"

अखेर सहदेवनंच वाकून इंजिन बंद केलं. विहीर हातभर राहिली होती. तुळशीदास रडकुंडीला येऊन खाली उतरला. गेला सौदा, गेली होडी.

अंजनाबाई मात्र खाटेला एक फेरी मारून आली. "शेठ, तुमचा वजन किती?"

"ऑं?"

"नाय, आमची होरी तुमच्याहून जराशीच जड असंल. येल वर. घेतला ट्रॅक्टर."

"न्या! आत्ता न्या! चालवायला या सहदेवलाही न्या, पण या माणसाला पुन्हा चाकाला हात लावू देऊ नका!"

तुळशीदासचा जीव भांड्यात पडला. मग हळूच तोंड पडलं. "आनि मी काय करू?"

"तुमी मागं बसा," अंजनाबाई म्हणाली, "नांगर टाकाला."