फुकटचा पिवळा रंग

डोकं सगळ्यांनाच असतं, पण ते वापरायचं कसं, हे आमच्या तांड्यात फक्त मला कळतं! आता हेच बघा. फुलसावंगीचे हरिसिंगकाका रविवारी आमचं घर बघायला येणार होते, त्यांच्या मुलीसाठी, शीलासाठी. माझी तिशी जवळ आलेली, आधीची स्थळं पोपडे उडालेल्या भिंती बघूनच पळालेली. आणि शीला मला आवडली होती, अगदी मनापासून! म्हणजे घर रंगवणं आलं. त्यात शुक्रवारी अमेरिकेतल्या एका चर्चची मंडळी आमच्या बोरी अरबला येणार होती. थोडे दिवस भारतात यायचं, एका गरिबाचं घर रंगवायचं, फोटो काढायचे, ताजमहाल बघून परत! त्यांचा दुभाषी कोण? इंग्रजीत बीए झालेला अस्मादिक!

"तुमच्या तांड्यातलं सगळ्यात गरीब घर दाखवा," त्यांच्या पुढारी कॅरल मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या.

मी आमचंच दाखवलं!

शुक्रवारी उजाडताच फ्रीज, टीव्ही आणि मोटारसायकल शेजारच्या नेमसिंगकाकांकडे नेऊन ठेवली. आई, म्हणजे रुपीबाई, कपाळाला हात लावून बघत राहिली.

"शाम्या, हे काय करून राह्यला? घरावर जप्ती आल्यावानी दिसते!"

"दिसू दे! तू जुनं लुगडं नेस. अन् हसू नको!"

"कायले हसू? रडूच येऊन राह्यलं मले."

"मग तर फारच छान!"

मंडळी आली. रंग एकच आणलेला, हळदीसारखा पिवळा. बघता बघता भिंत पिवळी, खिडकी पिवळी, म्हशीची गव्हाण पिवळी आणि म्हशीचं एक शिंगही पिवळं! दारव्ह्याच्या एकट्या पेंटरनं हे काम जास्त नीट केलं असतं, पण त्याचे फोटो कुणी काढले असते? इथे तर एक भिंत रंगवणारा आणि तिघे त्याचा फोटो काढणारे. कॅरल मॅडम आईचा हात हातात घेऊन डोळे पुसत होत्या. आईला उन्हात आलेल्या बाईची दया आली.

"थांब बाई, नेमसिंगकडून आपल्या फ्रीजमधलं थंडं पाणी आणतो."

"काय म्हणाल्या?" मॅडमनी विचारलं.

"देव तुमचं भलं करो, म्हणाली," मी म्हणालो.

एवढ्यात दारात पांढरंशुभ्र धोतर, लाल फेटा आणि भल्यामोठ्या मिशा दिसल्या. हरिसिंगकाका!

"काका, तुम्ही? रविवारी येणार होते ना?"

"सांगून गेलं की लोकं घर सजवून ठेवतात. न सांगता गेलं म्हंजे खरं काय ते दिसते!"

तोवर कॅरल मॅडम धावल्या. तांड्यातले वृद्ध गरीब आले, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी काकांच्या हातात टॉवेल, साबण आणि टूथब्रश ठेवला, वर दात कसे घासायचे तेही करून दाखवलं!

"हे काय देऊन राह्यली बाई?" काकांच्या मिशा थरथरल्या.

"मान आहे काका! सोयऱ्याला आपण टॉवेल-टोपी देतो ना, तसा!"

काकांचा चेहरा खुलला. त्यांनी टॉवेल रीतसर खांद्यावर घेतला आणि विचारलं, "अन् टोपी?"

मी एका गोऱ्या पोराच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि काकांच्या फेट्यावर ठेवली. काका खूश! मॅडमनी विचारलं, "ते इतके आनंदी का झाले?"

"आयुष्यात पहिल्यांदा टॉवेल मिळाला," मी म्हणालो. मॅडमना हुंदका फुटला.

"इतके गोरे तुह्या घरी रंग देतात?" काका म्हणाले. "मोठी वळख हाय रे तुही!"

जमलं! शीला आलीच म्हणून समजा!

पण मॅडमना काकांशी स्वतः बोलायचं होतं. त्यांनी फोन काढला, त्यात इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि तो काकांपुढे धरला. फोनमधली बाई शुद्ध मराठीत खणखणीत बोलली, "या घरात काहीही नाही. फ्रीज नाही, टीव्ही नाही, वाहन नाही. हा तरुण अत्यंत गरीब आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करू या!"

सगळ्यांनी डोळे मिटले. एकट्या हरिसिंगकाकांनी उघडे ठेवले. त्यांनी आत डोकावून टीव्ही टांगायचा रिकामा खिळा बघितला, टोपी उतरवून माझ्या हातात दिली आणि टॉवेल मात्र खांद्यावरच ठेवून ते पाणी प्यायला शेजारी गेले.

मी हाका मारल्या. पण प्रार्थना माझ्यासाठीच चाललेली आणि दोघांनी माझे हात घट्ट धरलेले! सुटणार कसा?

आमेन होईस्तोवर शेजारून हसण्याचे आवाज यायला लागले होते. मंडळी जीपमध्ये बसून हात हलवत गेली आणि नेमसिंगकाका पेढा घेऊन आले.

"शाम, माह्या पोराचं, इंद्रजीतचं जमलं! हरिसिंग म्हणे, ज्या घरात दोन फ्रीज, दोन टीव्ही, दोन गाड्या, तिथंच पोरगी द्याची!"

"काका, त्यातलं एकेक माझं आहे!"

"हाय ना बापू, मी कुठं नाही म्हणतो? फक्त लग्न होईस्तोवर राहू दे. तुले शीलाच्या सुखाची आन हाय!"

आता शीलाच्या सुखाची आण म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? पेढा खाल्ला. थंडगार होता, माझ्याच फ्रीजमधला!